महिपती सुटला कसा?

महिपती वडगावच्या कोठडीतून सुटून टाकव्याला परतला, तेव्हा खाचरातल्या माणसांनी माना वर केल्या आणि पुन्हा भातात खाली घातल्या. 'आलास व्हय?' असंही कुणी विचारलं नाही.

बेचाळीस साल होतं. कामशेतच्या अलीकडे रेल्वेच्या तारा तोडल्या गेल्या. महिपती पूर्वी रेल्वेत गँगमन होता, म्हणून फौजदारानं त्याला घरातून उचललं. शेजारच्या बयाबाईचा बजरंग त्याआधीच रानात पसार झाला होता. पुढं महिपती सुटला आणि त्याच आठवड्यात बजरंग आंदर मावळातल्या एका कपारीत पकडला गेला. गावानं दोन्हीचा संबंध लावला. महिपतीनं तोंड उघडलं, म्हणूनच तो सुटला.

त्याची बायको धोंडाबाई चारचौघांत हे मानत नव्हती. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती.

"मारलं का तुमास्नी?" तिनं विचारलं.

"मारलं."

"मंग सोडलं कशापायी?"

"मला काय ठावं? दार उघडलं, जा म्हनले."

"उगंच सोडत्यात व्हय पोलीस?"

महिपती ताटावरून उठला. पाणवठ्यावर ती गेली की बायका आपल्या घागरी बाजूला ओढून घेत. बयाबाई एकदा तोंडावरच म्हणाली, "तुजा दादला घरात जेवतूय, धोंडे. माजं पोर कोठडीत हाये."

शेवटी माहेरी जाते असं सांगून धोंडाबाई वडगावच्या कचेरीत गेली. फौजदाराचे खटले कोर्टात चालवणारे सरकारी वकील गंगाधरपंत व्हरांड्यात पान लावत बसले होते. ती लांबच उभी राहिली.

"सायेब, टाकव्याच्या महिपतीला सोडला, त्यो कुनाचं नाव सांगून सुटला का?"

पंतांनी वर पाहिलं. "कोण तू? बायको?"

"व्हय."

"त्याच्या जबानीत एकाचंही नाव नाही. घरी होतो, एवढंच तो शेवटपर्यंत म्हणाला."

"मंग धरला कशाला? आन् सोडला कशाला?"

"धरायला फौजदाराला संशय पुरतो, बाई. खटला भरायचा तर मला कोर्टासमोर पुरावा मांडावा लागतो. साक्षीदार एकच. त्यानं पावसात लांबून घोंगडी पांघरलेला माणूस पाहिला. सगळ्या मावळात घोंगडी नाही असा माणूस दाखव मला! फौजदाराला सांगितलं, ह्यावर खटला उभा राहत नाही. चिडले, पण सोडावं लागलं."

"आन् बजरंग?"

"त्याच्याजवळ तोडलेली तार सापडली. त्याच्यावर भरलाय."

कचेरीच्या पायऱ्या उतरताना तिला बरं वाटायला हवं होतं. पण सरकारचा माणूस इतकं गोड का बोलला, हाच विचार तिच्या डोक्यात घोळत राहिला. बयाबाईला सांगितलं तर ती फणकारली. "सरकारचाच वकील! त्यो सरकारच्या खबऱ्याला झाकनारच की!"

"मावशी, मंग खटल्याला चला. तितं समद्यांसमोर बोलत्यात."

बयाबाई आली ती पोराचं तोंड बघायला. साक्षीला कोळशाच्या भट्टीवरचा राखणदार रखमाजी उभा राहिला. पंतांनी विचारलं, "आरोपी कपारीत आहे, हे पोलिसांना कुणी सांगितलं?"

"म्या सांगितलं," तो म्हणाला. "पोरगं भाकर मागाया आलतं. दिली. मंग खाली जाऊन फौजदारास्नी सांगितलं."

पिंजऱ्यात बजरंगनं डोळे मिटून घेतले. बजरंगला शिक्षा झाली, त्याला येरवड्याला नेलं. परतीच्या वाटेवर बयाबाई पुढं आणि धोंडाबाई मागं, अशा दोघी चालत आल्या.

दुसऱ्या दिवशी बयाबाई महिपतीच्या ओट्यावर येऊन बसली. "लेकरा, माजी जीभ कशी झडली न्हाई," एवढंच बोलून पदरानं डोळे पुसू लागली. महिपतीनं तिला पाण्याचा तांब्या दिला.

ती गेल्यावर तो बायकोकडं वळला. "तू वडगावला गेलतीस म्हनं. माहेरी न्हवं."

"व्हय."

"तुला बी वाटलं व्हतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. धोंडाबाई खाली बघत म्हणाली, "वाटलं व्हतं."

महिपती खुरपं उचलून शेताकडं निघून गेला. त्या दिवशी तो घरी जेवायला आला नाही.