माझा चौथा फर्मा

मी एक जुनी कादंबरी आहे. माझं नाव ‘डोंगर निघाला’. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. माझ्या दोनशेच प्रती निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक एका पत्र्याच्या पेटीत पडून राहिल्या. माझं अंग मधोमध फुगलेलं आहे आणि मुखपृष्ठावर एक चौकोनी खळगा आहे. मित्रांनो, हा खळगा कसा पडला, तीच माझी कहाणी.

मला लिहिलं सोनाजींनी. खुलताबादच्या डोंगरावर मेंढ्या राखणाऱ्या घरात ते वाढले आणि पुढे औरंगाबादला एका कारखान्यात पहारेकरी झाले. फाटकाजवळच्या खोलीत बसून त्यांनी मला चार वर्षं लिहिलं. माझ्यात एक डोंगर आहे. तो रोज वीतभर चालतो. माणसांना ते कळत नाही, मेंढ्यांना कळतं. कोंडी नावाची एक मेंढरं राखणारी मुलगी शेवटी दगडाला कान लावते आणि विचारते, ‘कुठं निघालास रं?’

प्रकाशकांनी मला हातात धरून पाहिलं आणि परत केलं. एकाने विचारलं, ‘हे मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी?’ सोनाजी म्हणाले, ‘ज्याला डोंगर दिसतो त्याच्यासाठी.’ त्यावर तो चहा मागवायला म्हणून आत गेला तो बाहेर आलाच नाही. मग १९८३ साली सोनाजींनी मला स्वतःच छापून घेतलं.

छापखान्यात सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात आणि त्याची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. माझे असे अकरा फर्मे होते. बांधणीच्या खोलीत त्यांच्या थप्प्या ओळीने मांडल्या होत्या, आणि चतुराबाई प्रत्येक थप्पीवरचा एकेक उचलून पुस्तक जुळवत जायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण हात फार चलाख. त्या दिवशी तिसऱ्या फर्म्याची थप्पी कलायला लागली, म्हणून कुणीतरी तिच्या दोन केल्या. चतुराबाईंनी दोन्हींवरचा एकेक उचलला आणि हातात चार फर्मे झाले म्हणून चौथी थप्पी सोडली. पुढच्याच प्रतीला त्यांच्या ते लक्षात आलं. तोवर मी शिलाईवाल्याकडे गेले होते. अशी मी एकटीच जन्माला आले, पोटात तिसरा फर्मा दोनदा आणि चौथा नाहीच.

आता नीट ऐका. कोंडी डोंगराला प्रश्न विचारते ते अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या शेवटी. डोंगराचं उत्तर एकोणपन्नासाव्या पानावर होतं. माझ्यात त्या जागी पुन्हा तेहेतिसावं पान होतं.

त्या काळी गारखेड्याला वच्छलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका घरच्या पुढच्या खोलीत वाचनालय चालवत. त्यात एक सागवानी कपाट होतं, ‘नवलाचं कपाट’. भुताखेतांची, उडत्या गावांची, उद्याच्या जगाची जी पुस्तकं लेखकांनी पदरमोड करून छापली, तीच त्यात राहत. अशी पुस्तकं शोधायला बाई छापखान्यांतून हिंडत. दारातूनच विचारत, ‘कुणी येड्यासारखं काही छापायला आणलंय का?’ तसंच त्यांना सोनाजींचं नाव कळलं. त्यांनी निरोप धाडला, आणि सोनाजी पेटीतून हाताला लागली ती प्रत घेऊन गेले. ती मी होते.

‘आमच्याकडे एक पद्धत आहे,’ बाई म्हणाल्या. ‘मी आधी वाचत नाही. मला आवडलं तर लोक माझ्या तोंडाकडे बघून आवडून घेतात. तीन जण वाचतील. जो जिथं थांबेल, तिथं दोरा ठेवून देईल. दोन दोरे अर्ध्याच्या पुढं गेले तरच पुस्तक कपाटात.’

‘आन् ते काय बोलत्यात?’ सोनाजींनी विचारलं.

‘बोलायचं नाही. इथले लोक भिडेखातर छान छान म्हणतात. दोरा खोटं बोलत नाही.’

सोनाजींनी मान हलवली. मग जरा घुटमळून म्हणाले, ‘बाई, दुसऱ्या भागाच्या तीन वह्या झाल्यात. तुमच्या कपाटात ही गेली, तर पुढलं लिहितो. नाय गेली, तर मंग कुणासाठी लिहायचं?’

मित्रांनो, मला तेव्हा माझ्या पोटातली खोट ठाऊक होती. पण पुस्तकाला वाचणाराच बोलतं करतो. मी काय करणार?

पहिल्या वाचक लक्ष्मीबाई. त्या शिवणकाम करत, आणि मशीनवर काम नसलं की वाचत. लाल दोरा त्यांचा. कोंडीने दगडाला कान लावला तेव्हा त्यांनी श्वास रोखून पान उलटलं. पुढे मेंढ्या पुन्हा त्याच माळावर चरत होत्या. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. ‘अद्भुत कादंबरी हाय, असंच आसंल,’ असं पुटपुटून आणखी दोन पानं वाचली आणि दोरा ठेवला. मला परत करताना त्या म्हणाल्या, ‘बाई, ह्याच्यात जरा...’

‘अंहं! लक्ष्मीबाई, दोरा बोलेल.’

दुसरे रामकिसन, मुकुंदवाडी स्टेशनवर कामाला. त्यांना वाटलं, आपल्यालाच झोप लागली आणि आपण तेच पान पुन्हा वाचतोय. तीन दिवस त्यांना तसंच वाटत राहिलं. मग त्यांनी हिरवा दोरा ठेवला आणि कुणापाशी काही बोलले नाहीत, कारण आपल्याला कळलं नाही हे सांगायला लाज वाटली.

तिसरे आप्पासाहेब. शेतीवाडी असलेल्या घरातले, पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत शिकलेले, वाचनात मुरलेले. त्यांना पान पुन्हा आलेलं दिसलं आणि ते खूशच झाले. ‘वा! काळ मागं नेला. पानांचे आकडेसुद्धा मागं नेले! क्या दिमाग है!’ त्यांनी तिसरा फर्मा दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा मन लावून वाचला. कुठे एखादा शब्द बदललाय का, तेही तपासलं. पण पुढे एकदम पासष्टावं पान लागलं आणि कोंडी नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी. इथे ही कशी आली? दोन दिवस डोकं खाजवून त्यांनीही काळा दोरा ठेवून दिला.

हे सगळे भले लोक होते, आणि माझ्यावर कुणाचाच राग नव्हता. मला वाचून कुणी चिडून आपटलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं, कारण मग कुणी तरी भांडायला गेलं असतं.

बाईंनी दोरे पाहिले. एकही अर्ध्याच्या पुढे गेला नव्हता. सोनाजी आले तेव्हा त्यांनी मला तसंच, दोरे लोंबत असताना, पुढे केलं. सोनाजींनी मला हातात घेतलंच नाही.

‘ऱ्हाऊ द्या बाई. कशाला तरी कामी यील,’ म्हणाले आणि चपला घालून गेले.

आणि मी कामाला आले. नवलाच्या कपाटाचा एक पाय आखूड होता, ते डुगडुगायचं. मी त्या पायाखाली बरोब्बर बसले. बाईंनी ते कुजकेपणाने केलं नाही. त्यांना तेव्हा पुठ्ठा मिळत नव्हता एवढंच. पण ज्या कपाटात जायचं त्याच्याच पायाखाली मी अकरा वर्षं राहिले. वर पुस्तकं यायची, जायची, त्यांच्याबद्दल लोक हुज्जत घालायचे, आणि मी फरशीचा गारवा खात पडून राहायचे. फार वाईट वाटायचं, हे लपवून काय करू?

१९९४ च्या उन्हाळ्यात कपाटाला वाळवी लागली. सगळी पुस्तकं अंगणात उन्हात पसरली, कपाट आडवं केलं. बाई आता सत्तरी ओलांडलेल्या. दमून पायरीवर बसल्या, तर हाताशी मी. चष्मा सावरून त्यांनी पहिलं पान उघडलं, आणि मग कपाट, वाळवी, अंगण सगळं विसरल्या. कोंडीने प्रश्न विचारला. बाईंनी पान उलटलं. तेहेतीस. त्या थबकल्या. पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, फर्म्याचा. तिथे तीन होता. सोळा पानं मागे जाऊन पाहिलं. तिथेही तीन.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तिघांना त्याच दुपारी बोलावलं.

‘आप्पासाहेब, तुम्हाला हे दिसलं नाही?’

‘दिसलं की! मला वाटलं लेखकाची युक्ती.’

‘मी सांगत व्हते,’ लक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या. ‘तुमीच म्हणला, दोरा बोलंल.’

बाईंनी मला मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, ‘चूक तुमची नाही. तोंडं मीच बांधली होती तुमची.’

त्या मला घेऊन रिक्षाने मुकुंदवाडीला सोनाजींच्या घरी गेल्या. सोनाजी नोकरीतून सुटले होते, ओट्यावर बसून घोंगडीची किनार शिवत होते. बाईंनी मला उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. सोनाजींनी अंगठ्याने पानं पुढे केली, मागे केली.

‘म्हंजे डोंगर बोललाच नाय व्हय कुणाशी?’

‘नाही बोलला. आणि मी त्याला अकरा वर्षं कपाटाच्या पायाखाली ठेवलं. सोनाजी, मला क्षमा करा.’

सोनाजी पुन्हा पानं चाळू लागले. बाईंनी विचारलं, ‘दुसऱ्या भागाच्या वह्या?’

उत्तर दारातून आलं. सोनाजींच्या पत्नी पुतळाबाई चहा घेऊन उभ्या होत्या. ‘त्या बंबात घातल्या ह्यांनी, तवाच. मी म्हणलं ऱ्हाऊ द्या. तर म्हणले, कपाटवाल्या बाईंनी नाय घेतलं, तर कोण वाचणार.’

बाईंनी पुढे आलेला कप तसाच खाली ठेवला. आत जाऊन सोनाजींनी पेटीतून एक चांगली प्रत आणली. बाईंनी तिथेच ओट्यावर बसून चौथा फर्मा वाचला. एकोणपन्नासाव्या पानाची पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली: ‘माझं पाणी शोधायला, डोंगर म्हणाला.’ चहा निवून गेला. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि ते लपवलं नाही.

‘ही चांगली प्रत न्या,’ सोनाजी म्हणाले.

‘नेते. पण हीसुद्धा पुरी करून द्या. हिचं देणं माझ्याकडे लागतं.’

दुसऱ्या प्रतीचं पोट फाडून माझं भरायला सोनाजी तयार नव्हते. त्यांनी वही आणली आणि ती सोळा पानं हाताने उतरवून काढली. चार दिवस लागले. चतुराबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यांनी माझी शिवण उसवली, जादाचा फर्मा काढला आणि हातची पानं घालून मला पुन्हा शिवलं. म्हणून मी मधोमध फुगलेली दिसते. काढलेला फर्मा बाईंनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, आणि तेव्हापासून तिथला नियम बदलला: दोरा ठेवा, आणि का ठेवला ते तोंडाने सांगा.

उतरवून झाल्यावर सोनाजींच्या वहीत काही कोरी पानं उरली होती. पुतळाबाईंनी ती फाडून ठेवायला मागितली. सोनाजी म्हणाले, ‘थांब जरा.’ आणि त्यांनी दुसऱ्या भागाचं पहिलं वाक्य लिहिलं. मला त्या दिवशी झालेला आनंद पुन्हा कधी झाला नाही.

पण नजर अधू झाली होती, हात कापत होता. दीड वही झाली आणि पुढच्या वैशाखात सोनाजी गेले. ती दीड वही आज कपाटात माझ्या शेजारी आहे. तिघांनीही ती वाचली. लाल, हिरवा आणि काळा, तिन्ही दोरे या वेळी एकाच पानावर आहेत. कारण त्याच्यापुढे लिहिलेलंच नाही.

मित्रांनो, अनोळखी पुस्तक हातात घ्याल तेव्हा त्याचे आकडे बघा, पानं मोजा, आणि अडलात तर लाजू नका, विचारा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, आवडलं नाही तर का ते सांगा. तुमचं बोलणं लिहिणाऱ्यापर्यंत पोचू द्या, तो जिवंत आहे तोवर.

लक्ष्मीबाई अजून येतात. वही काढतात, शेवटच्या ओळीपर्यंत जातात आणि विचारतात, ‘बाई, डोंगराला पाणी घावलं आसंल का?’ बाईंना ते माहीत नाही, मलाही नाही. मधली अकरा वर्षं मी पायाखाली नसते, तर लक्ष्मीबाईंनी वहीचं पुढचं पान उलटलं असतं.