दोरा वाढवला

रत्नागिरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये धातू वितळतो, पण आग नाही. मशीन धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरतं, वरून तांब्याची कॉइल फिरते. कॉइलमध्ये वीज खेळते आणि भुकटी तिला न शिवताच तापून एकजीव होते. थरावर थर चढतात. ह्याला आम्ही वस्तू ‘वाढवणं’ म्हणतो. कॉइलजवळ अंगावर धातू नको, तोही तापतो. हा नियम माझा आहे आणि त्यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

दमयंती मूळची दाभोळची. सासूला घेऊन इथं खोली करून राहते. भुकटी चाळायला आली आणि बघता बघता मशीन चालवण्याइतकी तयार झाली. तिचा नवरा बाळा मासेमारीच्या लाँचीवर होता. लाँच बुडाली. बाकीचे सापडले, बाळा सापडला नाही.

मशीनवरच्या पहिल्या दिवशी तिनं बांगड्या, कुड्या, जोडवी काढून डब्यात ठेवली. मंगळसूत्राशी हात थांबला.

“मॅडम, ह्ये नाय काढायची मी. ते येतील.”

एरवी मी फाडकन बोलते. त्या दिवशी जीभ रेटेना. म्हटलं, “सोनं तेवढं काढ. नुसते काळे मणी दोऱ्यात ओव, काच तापत नाही. दोरा वाढवायचा नि पुन्हा ओवायचं, एवढंच.” मंगळसूत्राचा दोरा तोडला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, वाढवला म्हणतात.

तिचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी आली ती मोकळ्या गळ्यानं.

“सासूनं दोरा वाढवला,” ती म्हणाली. “मनी ताटलीत काढलान. मी ओवायला बसले, पन हात चालंना. सासू म्हनाली, दे, मी ओवते. तिचापन चालंना. मंग दोघी रडलो. मॅडम, ते नाय येनार. दोघींना म्हायती होतं, बोलत नव्हतो.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तिनं एप्रन बांधला, पहिला थर पसरला आणि बटण दाबलं. कॉइलखाली भुकटी लाल झाली. एका लाँचीच्या पंपाचा पंखा करायचा होता.

“ह्यो समुद्रात जायचाय,” नजर न हलवता ती म्हणाली. “नीट वाढवते.”