वर माणूस आहे

मी एक जुना मोबाईल टॉवर आहे. तीन मजली इमारतीच्या गच्चीवर माझे चार पाय रोवलेले आहेत. मित्रांनो, माझी कहाणी बसून सांगायची सोय नाही, म्हणून उभ्यानेच सांगतो. आणि जरा घाईने सांगतो, कारण माझ्या अंगावर एक माणूस आहे आणि तो कोणालाच दिसत नाही.

कारखान्यात मला वितळलेल्या जस्तात बुचकळून काढले. मग तुकड्या-तुकड्यांनी इथे आणून बोल्टांनी जोडले. तेव्हा एकच मोबाईल कंपनी होती. तिचा पांढरा अँटेना माझ्या डोक्यावर बसला आणि लोक म्हणाले, "चला, आता फोन लागेल!" मी तर फुशारून गेलो.

माझी देखभाल करणारा गडी माझ्याच खालच्या खोलीत बायको-मुलीसह राहायचा. सगळे त्याला वानरराव म्हणत आणि तोही ते नाव मिरवायचा. चढण्याआधी शिडीच्या पायथ्याशी एक लाल फडके बांधले जाई. त्याचा अर्थ एकच: वर माणूस आहे, बोल्टला हात लावायचा नाही. ते फडके वरच्या माणसानेच उतरून सोडायचे, दुसऱ्याने नाही. वर दोन्ही हात कामात, म्हणून फोन तो खाली पिशवीत ठेवायचा. फोन करणाऱ्याला कॉलर ट्यूनच्या गाण्याऐवजी ऐकू यावा म्हणून त्याने कंपनीकडे स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. "मी वर आहे. उतरलो की बोलतो."

मग दुसरी कंपनी आली. तिसरी आली. प्रत्येकीने आपापले डबे माझ्या अंगावर टांगले. खाली रस्त्यावर रंगीत छत्र्या उघडल्या आणि छत्रीखाली सिमकार्डे फुकट वाटली जाऊ लागली. एकीने दर उतरवले की दुसरी त्याहून खाली उतरे. तिसरीने तर बोलणेच फुकट करून टाकले. लोकांची चंगळ झाली. पहिल्या कंपनीच्या मात्र तोंडचे पाणी पळाले. तिने माणसे कमी केली आणि वानररावाच्या एकट्याच्या गळ्यात चौघांचे काम पडले.

"नाही कसं म्हणणार? हातावर पोट आहे," तो बायकोला म्हणायचा.

एका दुपारी तो माझ्या शेंड्यापाशी काम करत होता. त्याचा हात थांबला. त्याने कपाळ माझ्या लोखंडाला टेकले आणि तो तसाच राहिला. कमरेच्या पट्ट्याने त्याला धरून ठेवले होते. जेवायची वेळ झाली म्हणून बायकोने फोन लावला. माझ्या पायाशी पिशवी वाजत होती आणि तिच्या कानात तो सांगत होता, "मी वर आहे. उतरलो की बोलतो." तिने ताट झाकून ठेवले आणि ती वाट बघत राहिली. मला सगळे ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते.

लोकांनी दोर लावून त्याचा देह उतरवला. फडके कोणा परक्यानेच सोडले.

तेव्हापासून रोज दुपारी ती त्याचा फोन फडताळात चार्जिंगला लावून स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावायची. तो आवाज ऐकायची, "बरं" म्हणायची आणि मगच जेवायला बसायची. अशी वर्षे गेली. मुलगी कमावती झाली. पहिली कंपनी तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती, म्हणून मुलीने घरातले सगळे नंबर तिसऱ्या कंपनीकडे नेले.

"आई, नंबर तोच राहतो गं! नुसती कंपनी बदलते."

पोरीचा हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्या दुपारी आईच्या कानात नुसतीच ट्रिंग ट्रिंग वाजली.

"अगं, हे बोलत का नाहीत?"

मुलगी धावत जुन्या कंपनीच्या दुकानात गेली. तिथला माणूस म्हणाला, "ताई, आवाज आमच्या मशीनवर होता. नंबर गेला की तो पुसला जातो."

"परत नाही का आणता येणार?"

"कुठून आणणार?"

आईने जेवण सोडले आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "बाबांना मीच दुसऱ्यांदा घालवलं," म्हणून मुलगी रडायची. लवकरच ती जुनी कंपनी बुडाली. तिचा पांढरा अँटेना काढून नेला, त्या दुपारी आई गच्चीवर आली. तुटक्या वायरींकडे बघत तिने सवयीने नंबर लावला.

"मी वर आहे. उतरलो की बोलतो."

मुलीने फोन हिसकावून कानाला लावला. तिलाही तोच आवाज ऐकू आला.

मित्रांनो, माझ्यातून जाणारा प्रत्येक आवाज मी ओळखतो. हा कोणत्याही कंपनीच्या डब्यातून आला नव्हता. त्याच क्षणी माझ्या शेंड्यापाशी, शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर वजन पडले. उजवा पाय आधी, त्याच्या सवयीप्रमाणे.

"अहो, सावकाश उतरा," आई म्हणाली. आणि तिने शिडीला लाल फडके बांधले.

आता ती रोज फोन लावते आणि तो रोज एक पायरी खाली येतो. ज्या पायरीवर तो असतो तिथे कबुतरे बसत नाहीत.

पण उरलेल्या कंपन्यांनी मिळून पलीकडे नवा टॉवर उभारला आहे. मी भंगारात निघालो. आज कामगार बोल्ट सोडवायचे पाने घेऊन गच्चीवर आले तेव्हा आई आडवी आली.

"थांबा. वर माणूस आहे."

सगळ्यांनी वर पाहिले. एक जण हसला. मुकादम मात्र फडक्याकडे बघत होता.

"बाई, फडकं सोडा."

"मी नाही सोडायची. ते उतरून सोडतील."

मुकादमाने शिडीला हात लावला. वरून एक पाऊल पडले, ते त्याच्या तळहाताला कळले. त्याने हात मागे घेतला आणि पाना पिशवीत टाकला.

"आज काम बंद," तो म्हणाला. "उद्या बघू."

मित्रांनो, भंगारात जायचे मला दुःख नाही. लोखंड वितळते आणि त्याचे पुन्हा काहीतरी होते. माझी विनवणी एवढीच की जुने काहीही मोडण्याआधी वर तोंड करून एकदा हाक मारा आणि उत्तराची वाट पाहा. आणि उद्या आलात तर मला थोडे दिवस उभे राहू द्या. आता फार पायऱ्या उरलेल्या नाहीत. खाली तिने ताट झाकून ठेवले आहे.