बटणातली काडी

शालिकरामचा उजवा पंजा हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली चेचला गेला, तो आगपेटीच्या एका काडीपायी. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच ती खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझर सुमंतने एक बटण दाबून त्यात काडी खुपसून ठेवली होती. मग काय, एक हात बटणावर आणि दुसरा प्रेसमध्ये! हाडांचा चुरा पत्र्याला चिकटून राहिला.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी त्या काडीवरच लिहिलं. दात-ओठ खात लिहिलं. कोपराखालचा स्नायू ताठला की मिटणारा यांत्रिक पंजा मी चार वर्षं खपून बनवला आणि पहिल्यांदा शालिकरामलाच बसवला.

प्रात्यक्षिकाला कारखान्याचं माणूस हवंच, असा माझ्या गाइडचा हट्ट. कारखान्याने पाठवलं कुणाला? सुमंतलाच! मला त्याचं तोंडही पाहायचं नव्हतं. तो मात्र हसत आला.

"काय गा शालिक, हात तं मस्त भेटला तुले! मिळव बरं."

शालिकरामने हात मिळवला. पंजा मिटला आणि मिटतच गेला.

"अबे, दुखून राहिलं! सोड!"

बोट मोडल्याचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला. सुमंत गुडघ्यांवर कोसळला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग दुसरं बोट मोडलं, नखांतून रक्त आलं आणि मी शालिकरामकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"शालिकभाऊ, सोडा त्याला!"

"सोडूनच राहिलो, मॅडम! सुटून नाही राहिला!"

माणूस घाबरला की स्नायू ताठतो आणि स्नायू ताठला की पंजा आवळतो. त्यासाठीच तर पंजाच्या बॅटरीच्या डबीवर लाल बटण होतं. दाब हद्दीबाहेर गेला की ते आपोआप उसळून वीज तोडायचं. आज ते उसळत नव्हतं. सुमंत गुरासारखा ओरडत होता. शेवटी मी पक्कड घेऊन बॅटरीची वायरच तोडली. हात सुटला, पण त्याला हाताचा आकार उरला नव्हता.

सुमंतला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. शालिकराम तिथेच फरशीवर बसून डबी निरखत राहिला. डाव्या हाताच्या नखाने त्याने लाल बटणाच्या फटीतून काहीतरी उपसून काढलं.

चाचण्यांमध्ये ते बटण दर दहा मिनिटांनी उसळायचं. नोंदी अर्धवट राहायच्या आणि प्रबंधाची तारीख तोंडावर आली होती. गेल्या आठवड्यात वैतागून मीच ते दाबून पक्कं केलं होतं आणि नंतर विसरून गेले होते.

शालिकरामने फटीतून काढलेली ती आगपेटीची काडी माझ्यापुढे धरली. आवाजही चढवला नाही त्याने.

"मॅडम, तुमचाबी माल लवकर काढाचा होता काय?"