लाल आठवडा

लायमन टॅलबॉटने घरापुढच्या टपालपेटीत हात घालून सकाळी स्वतःच ठेवलेला लिफाफा बाहेर काढला, पत्र न्यायचं आहे या खुणेसाठी उभा केलेला पेटीच्या कडेचा छोटा लाल झेंडा खाली पाडला आणि टपालाची गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत तो अंगणात परतला. कॉरिनचं, त्याच्या मुलीचं, पत्र ऑगस्टमध्ये आलं होतं. आता सप्टेंबर संपत आला होता. त्या पत्राचं उत्तर असं कितीदा तरी पेटीत गेलं होतं आणि पुन्हा घरात आलं होतं.

"झेंडा वर, झेंडा खाली," शेजारच्या व्हरांड्यातून लोर्ना म्हणाली. "अहो, झेंडा वर दिसला की ती बिचारी टपालवाली गाडी थांबवते, पेटी उघडते, तर आत पाल. काल मला विचारत होती, ते आजोबा बरे आहेत ना?"

"पत्ता चुकला होता," लायमन म्हणाला.

"पोटच्या मुलीचा?"

त्याने लिफाफा खिशात कोंबला आणि पायाखालचं गवत बघत उभा राहिला.

फोनवर तू गप्प होतोस म्हणून लिहिते आहे, असं कॉरिनने सुरुवातीलाच लिहिलं होतं. ती न्यू जर्सीत शाळेत शिकवायची. नोव्हेंबरात तिकडे शिक्षकांचं संमेलन असतं आणि शाळा बंद असतात. तेवढ्यात ती, टॉड आणि आठ वर्षांची फीबी फ्लोरिडाला त्याच्याकडे, तिथले मनोरंजन पार्क पाहायला येऊ बघत होते. 'कोणत्या दिवशी कोणता पार्क ते तूच ठरव, बाबा, आणि तूही आमच्याबरोबर चल. सप्टेंबरअखेर तुझं काही आलं नाही तर आम्ही टॉडच्या आईकडे व्हरमाँटला जाऊ. आणि हो, फीबीने तुझं कॅलेंडर पाहिलं. विचारत होती, आजोबांनी आपला आठवडा लाल का केलाय? आपण आलेलं त्यांना नको आहे का?'

कॅलेंडर त्याचंच होतं. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर त्याने हा उद्योग सुरू केला होता. कुठल्या राज्यातल्या शाळांना कधी सुट्टी, मागच्या वर्षी रांगा किती लांबल्या, पाऊस, परेड, सगळं मांडून तो गावाजवळच्या चारही पार्कांचा गर्दीचा अंदाज काढायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. एक म्हणजे मोकळं, दहा म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. कमी आकडे हिरवे, मोठे लाल. शेकडो माणसं ते बघून आपली सहल ठरवायची आणि आभाराची पत्रं लिहायची. त्यांना तो त्याच दिवशी उत्तर द्यायचा.

न्यू जर्सीच्या सुट्टीचा आठवडा मात्र कसाही मांडला तरी लालच यायचा.

"आज काय म्हणतं तुमचं पंचांग?" लोर्नाने विचारलं. पार्कातल्या टोप्यांच्या दुकानात तिची नोकरी झाली होती आणि तिच्या पासावर एक पाहुणा फुकट जाऊ शकत होता. "घरात बसून तुम्ही त्या झेंड्याचा खुळखुळा कराल. चला कुठेतरी."

"प्राण्यांच्या पार्कात दोन. किल्ल्याच्या पार्कात चार."

"मग प्राणी."

"पण कालच मी हे सगळ्यांना सांगितलंय. सगळे तिकडेच गेले तर? मग किल्लाच मोकळा."

"सगळे म्हणजे कोण, तुमचे ते वाचक? त्यांच्यापेक्षा जास्त लोक तिथे नुसत्या पार्किंगमध्ये हरवतात. गाडीत बसा."

तो बसला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा किल्ला बरा, असं म्हणाला. पुढच्या सिग्नलला पुन्हा प्राणी म्हणाला. लोर्नाने रेडिओचा आवाज वाढवला.

अंदाज बरोबर निघाला. प्राण्यांच्या पार्काच्या फाटकापाशी शुकशुकाट होता. झाडू मारणारा माणूस झाडू थांबवून त्यांना सुप्रभात म्हणाला. आफ्रिकेच्या नावाने सजवलेल्या चौकात ढोलवाले चार प्रेक्षकांसाठी जीव तोडून वाजवत होते आणि त्यातला एक लायमनकडे बघून एवढा हसला, की तो ओशाळून दुसरीकडे बघू लागला.

लोर्नाने बाकावर बसकण मारली, बर्फ घातलेला चहा मांडीत धरला आणि हात पुढे केला.

"दाखवा बघू एकदाचं काय लिहिलंय ते."

त्याने जरा वेळ घेतला, पण लिफाफा दिला. तिने चष्मा लावला. आतून पाच पानं निघाली, पाचही कोष्टकांनी भरलेली.

"हे पत्र आहे की विमानतळावरचा फलक?" तिने एक पान उलटं करून पाहिलं, मग सुलटं केलं. "सोमवार, किल्ला, दुपारनंतर टाळावे. मंगळवार, दुपारी जेवणाच्या वेळी टाळावे. बुधवार, शक्यतो टाळावे. आणि हे काय, सर्वांत उत्तम पर्याय मे महिन्याचा दुसरा आठवडा? मेमध्ये तिची शाळा नसते?"

"असते."

"मग?"

"आकडे तसे आहेत, लोर्ना. खोटं कसं लिहू? ती एवढा खर्च करून येणार, पोर उन्हात रांगेत उभी राहून रडणार, आणि दिवस मी निवडलेला."

 लोर्नाने पुन्हा पहिल्यापासून पानं चाळली, शेवटच्या पानाची मागची बाजूही पाहिली.

"या, असं कुठे लिहिलंय?" तिने विचारलं. "मला सापडत नाहीये."

लायमनने पानं तिच्या हातून घेतली आणि नीट घडी करू लागला. घडी काही जमेना.

"मी ती डोंगराची गाडी बघून येतो," तो म्हणाला. "रांग मोजायची आहे."

"जा, मोजा. माझी पाठ त्या गाडीला केव्हाच नाही म्हणालीय."

रुळांवरून डोंगर चढून वेगाने खाली झेपावणाऱ्या त्या गाडीला एकट्यांची वेगळी रांग असायची. कुटुंबं बसून झाली, की एखाद्या बाकावर जी जागा उरेल तिथे एकट्या माणसाला बसवत. लायमन वर्षानुवर्षं त्याच रांगेतून जात आला होता. मोजमाप हे कारण सांगायला बरं पडायचं. आज तिथे साखळी लावलेली होती.

"बंद आहे, आजोबा," तिथली मुलगी म्हणाली. "अहो, उरलेली जागा भरायची तर आधी बाकीच्या भरायला हव्यात ना! अख्खी गाडी घ्या आज. कितीजण?"

"एक," तो म्हणाला.

ती हसली आणि तिने त्याला पहिल्या बाकावर बसवलं. मागचे सगळे बाक मोकळे होते. गाडी खडखडत चढ चढू लागली. एवढा आवाज ती करते हे त्याला ठाऊक नव्हतं, एरवी तो माणसांच्या ओरडण्यात बुडून जायचा.

मागच्या नोव्हेंबरात, अगदी लाल दिवशी, आपलाच आकडा पडताळायला तो इथे आला होता. उन्हात तासभर तिष्ठल्यावर त्याला एका बाकावर उरलेली जागा मिळाली. शेजारी एक अनोळखी मुलगी होती, तिचे आईवडील मागच्या बाकावर. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनहून आलोय, असं तिने आपणहून सांगितलं. चढ संपला तेव्हा तिने न बघताच त्याची डावी बाही घट्ट धरली आणि गाडी थांबेपर्यंत सोडली नाही. उतरल्यावर सॉरी म्हणून पळून गेली. बाहीला पडलेल्या सुरकुत्या त्याला घरी आल्यावर दिसल्या होत्या. तो शर्ट इस्त्रीला द्यायचं पुढे कित्येक दिवस राहून गेलं.

गाडी माथ्यावर पोचली आणि क्षणभर थांबली. लायमनने डावा हात बाकावर थोडा बाजूला सरकवून ठेवला.

खाली आल्यावर लोर्नाने विचारलं, "किती वेळ उभं राहावं लागलं?"

"मुळीच नाही."

"म्हणजे अंदाज बरोबर."

"बरोबर."

"मग तोंड का असं?"

तो भेटवस्तूंच्या दुकानात शिरला आणि बऱ्याच वेळाने जिराफाचं चित्र असलेलं एक कार्ड घेऊन बाहेर आला.

घरी आल्यावर त्याने कॅलेंडर उघडलं. नोव्हेंबरचा तो आठवडा होता तसाच लाल होता. बदलण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, म्हणून त्याने ते बंद केलं. कार्डावर कोष्टक मावणार नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो दोनदा बसला, दोनदा उठला, नळ घट्ट करून आला. मग एका दमात लिहिलं:

'कॉरिन, गुरुवारी किल्ल्याच्या पार्कात या. गर्दी दहापैकी नऊ असेल, रांगा लांब असतील. फाटक उघडायच्या आधीपासून मी झेंड्याच्या खांबापाशी उभा असेन. फीबीला सांग, न्यू जर्सीची मुलं येतात म्हणूनच तो आठवडा लाल होतो. बाबा.'

तिकीट चिकटवून तो अंगणापुढच्या पेटीपाशी गेला. सवयीने बोट झेंड्यावर टेकलं. व्हरांड्यात लोर्ना वर्तमानपत्राआडून बघत होती. त्याने बोट काढून घेतलं आणि कार्ड तसंच हातात धरून तो रस्त्याला लागला.

औषधांच्या दुकानासमोर टपालखात्याची निळी लोखंडी पेटी होती. तिची किल्ली फक्त टपालवालीकडे असते. लायमनने झडप ओढली, कार्ड आत सोडलं आणि झडप मोठ्या आवाजाने मिटली. चार पावलं गेल्यावर तो परत फिरला, झडप पुन्हा उघडली आणि आत वाकून पाहिलं.

आत नुसता अंधार होता.