कोपरा कापलेली कार्डे

मित्रांनो, ग्रंथालयाच्या जिन्याखाली हे जे रिकाम्या खणांचे जुने लाकडी कपाट दिसते ना, ते मी. माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. सुतार मला घडवत होता तेव्हाच, खण अडकतील का, ओल लागून फुगतील का, असा घोर मला लागला होता. खण कधी अडकले नाहीत. ग्रंथपालबाईंनी त्यांत कार्डे भरली. एका पुस्तकाचे एक कार्ड, त्यावर नाव, लेखक आणि कोणत्या फळीवर आहे ते. लोक म्हणत, "आधी कपाटाला विचारा." ते ऐकून बरे वाटायचे, आणि उत्तर चुकले तर काय, अशी धास्तीही वाटायची.

बाईंची एक पद्धत होती. मोठ्या अक्षरांत छापलेल्या पुस्तकाच्या कार्डाचा वरचा कोपरा त्या कात्रीने कापायच्या. हे टेलरकाकांसाठी. आयुष्यभर शिवण करून काकांची नजर अधू झाली होती. घरी बोलायला कोणी नाही, पुस्तकाचीच काय ती सोबत. ते खण ओढून कार्डांवरून बोट फिरवायचे. कोपरा लागला नाही, की तिथेच थांबून हाक मारायचे, "बाई, वाचा बरं, हे कुठलं निघालं?"

मग कॉम्प्युटर आला. गावोगावच्या ग्रंथालयांनी ठरवले, की नोंदी सगळ्यांनी एकाच पद्धतीने करायच्या, म्हणजे कुठलेही पुस्तक कुठूनही सापडेल. त्यासाठी एक नवी ताई आली. मोठी कामसू. ती कार्डावरचे नाव वाचायची आणि दुसऱ्या ग्रंथालयाने केलेली त्याच पुस्तकाची तयार नोंद उचलायची. माझ्या छातीत धस्स झाले. नाव तेच, पण ती नोंद बारीक अक्षरांच्या प्रतीची होती. कापलेल्या कोपऱ्यावर काही लिहिलेलेच नव्हते, मग ती बिचारी उतरवणार काय? बाई आजारपणाच्या रजेवर होत्या. मी आतल्या आत तळमळत राहिलो. कार्डांचे गठ्ठे रद्दीसाठी दाराशी जाऊन बसले. पुस्तकांचे क्रमांक आणि जागाही बदलल्या.

एके सकाळी टेलरकाका आले. त्यांनी खण ओढला, तर आत काहीच नाही. मग त्यांनी ताईकडे मोठ्या अक्षरांचे पुस्तक मागितले. ताईने कॉम्प्युटरवर शोधून पाहिले.

"काका, मोठ्या अक्षरांचं एकही पुस्तक दिसत नाही."

तिने दुसरे एक दिले. काकांनी ते नाकाजवळ धरले, लांब नेले, खिडकीपाशी जाऊन पाहिले.

"राहू दे. इतकं वाचायला मिळालं तेच खूप झालं. माझं नाव काढून टाका यादीतून."



बाई त्याच दिवशी रजेवरून परतल्या होत्या. त्या पुढे आल्या. "अगं, कोपरा कापलेली कार्डं कुठायत?"

"ती कापलेली होती? मला वाटलं, उंदरांनी कुरतडली."

"तुझं काही चुकलं नाही. ही खूण मी नि काकांनी आमच्यातच ठेवली."

"पण बाई, नव्या नोंदीत मोठ्या अक्षरांसाठी वेगळी जागा आहे की. मला ठाऊक असतं तर भरली असती."

रद्दीवाल्याची गाडी फाटकाशी उभी होती आणि एक गठ्ठा तर कधीच रवाना झाला होता. उरलेले ताईने धावत जाऊन परत आणले. काका जमिनीवरच बसले आणि बोटांनी एकेक कार्ड वेगळे काढू लागले. ताई ती पुस्तके फळीवरून काढायची, अक्षर तपासायची, नोंद दुरुस्त करायची.

नंतर तिने इतर ग्रंथालयांतली मोठ्या अक्षरांची पुस्तके शोधली. कॉम्प्युटरचा पडदा नावांनी भरून गेला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या शहरातून एक कादंबरी आली. तिचे कार्ड माझ्या कोणत्याही खणात कधी नव्हते. काका उभ्या जागीच पहिले पान वाचू लागले. माझा जीव भांड्यात पडला. वाईटही वाटले, खोटे कशाला बोलू? त्यांना आता माझी गरज उरली नव्हती.

मला ठेवतील की मोडतील, कोण जाणे. पण मित्रांनो, एक विनवणी आहे. तुम्हाला ठाऊक असलेली उपयोगाची गोष्ट इतरांनाही वाचता येईल अशी लिहून ठेवा. गेलेल्या गठ्ठ्यातली पुस्तके इथेच कुठल्यातरी फळीवर आहेत. मोठ्या अक्षरांची म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही, आणि काका अजून मधूनमधून त्यांची चौकशी करतात.