थंडीतला पंखा

कडाक्याची थंडी. बेडरूममधला पंखा पाचवर.

व्यायामाची चटई. गुंडाळलेली, माळ्यावर.

एका बाईचं हसू. छोटंसं, अर्धवट.

नवरा बाहेर सोफ्यावर झोपायला लागला, त्याला एकवीस दिवस झाले.

या सगळ्यांना बांधणारी गोष्ट एकच होती, आणि ती त्या नवऱ्याच्या बायकोने कुणालाच सांगितली नव्हती.

ती कान तपासायची. दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत माणूस बसवायचा, हेडफोन चढवायचे, काचेपलीकडून बारीक शिट्ट्या सोडायच्या. ऐकू आली की माणसाने बटण दाबायचं. दुपारी त्याच खोलीत ती एकटी डबा खायला बसे, तेव्हा त्या बाईचं हसू तिला ऐकू यायचं. भिंतीतून नाही. आतून.

चार महिन्यांपूर्वी व्यायामवर्गात वर घेतलेले पाय खाली आणताना तिच्या अंगातून आवाज झाला. मागे एक बाई अर्धवट हसली. चटई माळ्यावर गेली. पुढे नवऱ्याच्या जवळ असतानाही तसाच आवाज झाला, आणि ती ताडकन उठून पंखा लावून आली. मग रोजच पंखा. मग जवळ येणंच नको.

आज खोलीत एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. शिट्टी नसताना बटणाचा दिवा लागला. पुन्हा लागला.

"सिस्टरबाई, मी आवाज सोडलेलाच नाही!"

"तू नसशील सोडला. माझ्या पोटाने सोडला!"

ती हसली नाही. सिस्टरबाईंनी हेडफोन काढले. "काय गं, भूत बघितलंस का?"

ती बोलली. पहिल्यांदाच, सगळं.

"अगं वेडे! पाय वर गेले की योनीत हवा शिरते, खाली आले की बाहेर पडते. नवऱ्याजवळ असताना तेच. दुखलंखुपलं तर डॉक्टरला दाखव. नुसत्या आवाजाला काय भ्यायचं?"

"पण लोक हसतात."

"हसू देत. पस्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. ज्या देहातून काहीच आवाज यायचा नाही ना, त्याच्यावर आम्ही चादर ओढायचो. डोक्यापर्यंत."

ती दचकली. एकवीस दिवस तिचं घर किती शांत होतं!

रविवारी दुपारी तिने नवऱ्याला आत बोलावलं आणि पंखा बंद केला. तो दारातच थांबला.

"राहू दे चालू," तो खाली बघत म्हणाला. "माझे गुडघे वाजतात, श्वास भात्यासारखा सुटतो... म्हणूनच लावतेस ना?"

"तुझ्यासाठी? अरे, माझ्या आवाजासाठी लावत होते मी!"

तो पलंगावर बसला. गुडघा कट्‌कन वाजला. आधी तिला हसू फुटलं, मग त्याला. ते दुसरं, व्यायामवर्गातलं हसू त्या दुपारी ऐकू आलं नाही.

मंडळी, आपल्यापैकी किती घरांत असा पंखा चालू आहे! शरीर जिवंत आहे म्हणून वाजतं. ते झाकायच्या नादात आपलं माणूस बाहेर सोफ्यावर जातं आणि दोघंही आपापली लाज उशाशी घेऊन झोपतात. तेव्हा बोला. जमलं तर हसा.

व्यायामवर्गात त्या दिवशी हसलेल्या बाईने दुसरा कुठलाच आवाज ऐकला नव्हता. ती स्वतःच्याच अंगातून निघालेल्या तसल्याच आवाजाला हसली होती.